ग्रीक, डॅनिश आणि मराठी विद्यार्थी



ज्या फैजपूर गावाने १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरवून, मोठ्या विषयांचा विचार मोठ्या शहरांतच व्हावयाचा हा समज मोडून काढला, त्या गावात ग्रीक आणि डॅनिश या दोन दूरदेशीच्या भाषांविषयी बोलण्यास मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. आज जळगाव-धुळ्याकडची मुले-मुली जर्मन शिकतात, फ्रेंच शिकतात, जपानीही शिकू लागली आहेत. आणि त्यांच्यापैकी एखादा जेव्हा ग्रीक किंवा डॅनिश यांचे नाव काढतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असा असतो की या दोहोंत सोपी कोणती? प्रश्न रास्त आहे. पण तो अपुरा आहे. सोपी कोणाला? लंडनच्या माणसाला, की फैजपूरच्या? बाजारात मिळणारी पुस्तके या प्रश्नाचे उत्तर देतात ते इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून. त्याला जे अवघड वाटते ते अवघड, त्याला जे सहज ते सहज, असा निवाडा त्यांत ठरलेला असतो आणि आपला विद्यार्थी तो मुकाट्याने स्वीकारतो. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठी माणसाने या भाषांकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहण्याचे कारण नाही, आणि तसे न पाहिल्यास सोप्या-अवघडाचा सगळा हिशेब बदलतो.

प्रथम, या भाषा आपल्याला खरोखरच इतक्या परक्या आहेत काय, ते पाहू.

ग्रीकांचे नाव आपल्या मुलखात दगडावर कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यांत एका लेण्याचा दाता स्वतःला उत्तरेकडून आलेला योनक, म्हणजे यवन, म्हणवितो; त्याचे नाव इंद्राग्निदत्त आणि त्याच्या पित्याचे धर्मदेव. कार्ल्याच्या चैत्यातील खांबांवरही यवन दात्यांची नावे आहेत. हे लोक ग्रीक वंशाचे किती आणि ग्रीक बोलणारे किती, हा वाद पंडितांवर सोपवू. पण ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका जुन्या नाविक वृत्तांतात भडोच, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे येतात, आणि दक्षिणेला इथले लोक कोणत्या शब्दाने संबोधितात तेही लेखक आपल्या ग्रीक वाचकाला समजावून सांगतो, हे तर निर्विवाद आहे. उलट दिशेने, आपल्या ज्योतिषातील 'होरा' आणि 'केंद्र', हिशेबातला 'दाम' आणि किल्ल्याखालचे 'सुरंग' हे शब्द ग्रीकातून आले. पंचांग उघडणारा प्रत्येक मराठी माणूस ग्रीक शब्द उच्चारतो.

डॅनिशचे काय? तिचा आणि मराठीचा संबंध सांगितला की पुष्कळांना आश्चर्य वाटते. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी तरंगंबाडी येथे वखार घातली, किल्ला बांधला, आणि १८४५ मध्ये इंग्रजांना विकून टाकीपर्यंत ते ठाणे आपल्या अंमलाखाली ठेविले. मधल्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तंजावरवर एकोजीराजे भोसल्यांचे राज्य आले. म्हणजे या डॅनिश ठाण्याचा धनी मराठा राजा झाला आणि ठाण्याकडून वार्षिक खंडणी मराठ्यांच्या दरबारात भरली जाऊ लागली. याच तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनसाठी १७५० मध्ये आलेला श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री पुढे तंजावरच्या दरबारात विश्वासाचा माणूस ठरला आणि दत्तक राजपुत्र सरफोजी याचा पालक झाला. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला, आणि त्याच वर्षी सरफोजीराजे गादीवर बसले. या राजाने आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. राजाला येणाऱ्या भाषांची जी नामावली परंपरेने सांगतात, तीत ग्रीक आणि डॅनिश या दोन्ही भाषा आहेत. त्यांतली किती त्याला बोलता येई आणि किती नुसती वाचता येई, हा तपशील बाजूला ठेवला तरी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील त्याचा युरोपीय भाषांतील पुस्तकांचा संग्रह ही डोळ्यांनी पाहता येणारी गोष्ट आहे. त्याच्याच प्रेरणेने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास इसापाच्या गोष्टी मराठीत उतरून छापल्या गेल्या. ग्रीसची गोष्ट, कावेरीकाठचा छापखाना आणि मराठी वाचक! असा योग घडविणाऱ्या राजाचे नाव आपल्या शाळांतून किती मुलांना ठाऊक असते?

दुसरे डॅनिश ठाणे बंगालमधले श्रीरामपूर. ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा देईना, म्हणून विल्यम केरी आणि त्याचे सहकारी डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाला गेले. तेथे १८०० मध्ये त्यांनी छापखाना घातला, आणि तेथून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये मराठीचा कोश आणि १८११ मध्ये बायबलातील नव्या कराराचे मराठी भाषांतर बाहेर पडले. नव्या कराराचे मूळ ग्रीक. म्हणजे मराठी मुद्रणाच्या प्रारंभीच्या त्या पानांवर ग्रीक मूळ आणि डॅनिश आश्रय एकत्र आले आहेत.

पंडिता रमाबाईंचे नाव येथे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. संस्कृत ज्यांच्या जिभेवर लहानपणापासून खेळत होती, त्या या विदुषीने प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि केडगावच्या मुक्तिसदनात राहून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी स्त्रीला ग्रीक येईल काय, असा प्रश्न जर कोणी विचारीत असेल, तर त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले गेलेले आहे.

आता प्रत्यक्ष भाषांकडे वळतो. आणि येथे मला एका डॅनिश पंडिताची कथा सांगितली पाहिजे, कारण ग्रीक आणि डॅनिश यांची तुलना हा विषय मी काढलेला नाही, तो त्याने काढलेला आहे. रास्मुस रास्क हे त्याचे नाव. १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने उत्तरेकडील जुन्या भाषांची ग्रीक-लॅटिनशी वर्णावर्णांनी तुलना केली, आणि ग्रीकात जेथे 'प' तेथे उत्तरेत 'फ', ग्रीकात जेथे 'द' तेथे उत्तरेत 'त', अशी नियमबद्ध सांगड दाखविली. ग्रीक 'पातेर', डॅनिश 'फादर'. ग्रीक 'देका', डॅनिश 'ती'. आपल्याकडे 'पितृ', 'दश'. ग्रीक 'पोद', डॅनिश 'फोद', आपला 'पद'. तीन घरांत एकाच कुळाची भांडी निघावीत तसे हे आहे. हाच रास्क १८२० मध्ये मुंबईस उतरला, पारशी दस्तुरांकडून जुनी हस्तलिखिते मिळविली, पुढे लंकेस जाऊन पाली हस्तलिखिते गोळा केली आणि १८२३ मध्ये तो सगळा ठेवा घेऊन कोपनहेगनला परतला. पालीच्या अभ्यासाची मोठी परंपरा त्या शहरात वाढली. जातककथांची मूळ पाली आवृत्ती फाउसबोल या डॅनिश पंडितानेच संपादिली.

रास्कच्या नियमाला काही अपवाद उरले होते आणि ते पन्नासाहून अधिक वर्षे कोणाला उलगडेनात. एकाच कुळातील 'पिता' आणि 'भ्राता' या दोन शब्दांतला 'त' सारखाच, मग जर्मनमध्ये एकाचा 'फाटर' आणि दुसऱ्याचा 'ब्रूडर' असे वेगळे वर्ण का व्हावेत? हे कोडे सोडविले कार्ल व्हेर्नर या दुसऱ्या डॅनिश पंडिताने, आणि सोडविले ते वैदिक स्वरांच्या आधाराने. वेदपाठात 'पिता' शब्दाचा उदात्त अंती आहे, 'भ्राता' शब्दाचा आरंभी. जुन्या ग्रीकातही तसेच. आणि आघाताच्या या जागेवरूनच पुढे व्यंजनाचे रूप ठरले. व्हेर्नरचा हा निबंध १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर विल्सन व्याख्यानमालेत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्याने देत होते. आपल्या वैदिकांनी पाठांतराने जपलेला स्वर उत्तर समुद्राकाठच्या भाषेचे कुलूप उघडतो, यापरते या तीन भाषांच्या नात्याचे दुसरे प्रमाण कोणते हवे?

आता ग्रीक. इंग्रजी पुस्तक उघडले की पहिल्या प्रकरणापासून विद्यार्थ्याला धीर देण्याचे काम सुरू होते: लिपी निराळी आहे, घाबरू नका, लिंगे तीन आहेत, घाबरू नका, नाम विभक्तीप्रमाणे बदलते, घाबरू नका. आपण कशाला घाबरायचे? लिपीत अक्षरे चोवीस. देवनागरीची बाराखडी आणि जोडाक्षरे ज्याने सहाव्या-सातव्या वर्षी गिरविली, त्याला ती काही दिवसांचे काम. लिंगे तीन, तीच मराठीला. भिंत स्त्रीलिंगी का आणि दार नपुंसकलिंगी का, असे आपण कधी विचारीत नाही, म्हणून ग्रीकातही विचारणार नाही. मूल नपुंसकलिंगी मानण्याची आपली रीत ग्रीकांचीही आहे. क्रियापदातच कर्ता कळतो, म्हणून 'मी', 'तू' म्हटलेच पाहिजे असे नाही: नुसते 'ग्राफो' म्हटले की 'लिहितो' झाले. शब्दांचा क्रमही आपल्यासारखाच मोकळा. ज्यावर भर द्यावयाचा तो शब्द पुढे आणावा.

ग्रीक क्रियापदाचा खरा डोंगर म्हणजे एकदाच घडणारी क्रिया आणि चालू राहणारी किंवा पुनःपुन्हा होणारी क्रिया यांतला भेद. भविष्यकाळातही तो पाळावा लागतो: 'था ग्राप्सो' म्हणजे 'लिहीन', आणि 'था ग्राफो' म्हणजे 'लिहीत जाईन' किंवा 'लिहीत राहीन'. इंग्रजी माध्यमाने शिकणारा विद्यार्थी या एका भेदापायी महिनोगणती चाचपडतो. पण 'आईला पत्र लिहीन' आणि 'आईला पत्रे लिहीत जाईन' यांतला फरक फैजपूरच्या शाळकरी मुलाला कोणी शिकवावा लागतो काय? जुन्या ग्रीकाकडे जाणाऱ्याला तर संस्कृत व्याकरणाची सगळी ओळखीची मंडळी भेटतात: द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा प्रयोग आहे, 'ददामि'च्या जागी 'दिदोमि' आहे, आणि भूतकाळी धातूच्या आधी लागणारा आपला 'अ' तेथे 'ए' होऊन उभा आहे. आमचे 'भरामि' आणि 'अभरम्'; त्यांचे 'फेरो' आणि 'एफेरोन'. शाळेत संस्कृताचे धातू घोकले आणि त्यांचा पुढे काय उपयोग झाला, अशी खंत बाळगणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन की तो उपयोग येथे आहे.

मग ग्रीकात अवघड काय? अवघड आहे लेखन. 'इ' हा एकच ध्वनी निदान पाच प्रकारे लिहितात, कारण प्राचीन काळी ते पाच निरनिराळे उच्चार होते आणि उच्चार एक झाले तरी लेखन तसेच राहिले. सुदैवाने वाचताना अडचण येत नाही. लिहिलेले पाहून उच्चार जवळजवळ नेहमी निश्चित करता येतो, आणि आघात कोठे द्यावयाचा ते चिन्ह शब्दावरच दिलेले असते. १९८२ पूर्वी अशी अनेक चिन्हे होती; त्या वर्षीच्या सुधारणेने एकच ठेविले. त्याआधी १९७६ मध्ये राज्यकारभारातून जुनाट पंडिती ग्रीक दूर होऊन लोकांची बोली मान्य झाली, तो झगडा शतकाहून अधिक काळ चालला होता. बोलीची आणि ग्रंथभाषेची ही ओढाताण आम्हा मराठी लोकांना सांगून समजवावी लागत नाही.

आता डॅनिश, आणि येथे सगळे उलटे होते. कागदावर डॅनिश इतकी सोपी दिसते की विद्यार्थी हुरळून जातो. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, वचनाप्रमाणे बदलत नाही. मी, तू, तो, आम्ही, सर्वांना एकच रूप. विभक्ती जवळजवळ नाहीत. लिंगे दोनच. इंग्रजीत जे निश्चयदर्शक उपपद नामाच्या आधी येते ते येथे नामाच्या शेपटीला लागते: 'हूस' म्हणजे घर, 'हूसेट' म्हणजे ते विशिष्ट घर, आणि प्रत्यय शेवटी लावण्याची सवय ज्या मराठी कानाला जन्मापासून आहे त्याला यात नवल वाटत नाही. समासही आपल्यासारखे लांबच लांब करता येतात.

संख्यांचा एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण परदेशी विद्यार्थी येथे हटकून अडखळतात. डॅनिशमध्ये पन्नासाला जो शब्द आहे त्याची फोड केली तर अर्थ निघतो 'अडीच वेळा वीस'. सत्तराचा 'साडेतीन वेळा वीस'. नव्वदाचा 'साडेचार वेळा वीस'. इंग्रजी पुस्तके ही पद्धत एक विक्षिप्तपणा म्हणून वर्णितात. विक्षिप्तपणा कसला? आपल्या आजीने अंगणात बसून विसाविसाचे ढीग लावून मोजणी केली नाही काय? अडीच, साडेतीन, साडेचार हे शब्द आपल्या पाढ्यांत नव्हते काय? शिवाय डॅनिश माणूस एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो आणि मग वीस, अगदी आपल्याप्रमाणे. ही पद्धत मराठीतून समजावून दिली तर पाव तासाचे काम आहे.

तेव्हा डॅनिश सोपी? तसे म्हणता येत नाही. कारण तिची सर्व कठीणता कागदावरून उठून कानात जाऊन बसली आहे. लेखनात स्वरांची चिन्हे नऊ, पण प्रत्यक्ष बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ धरून वीसहून अधिक स्वर. शब्दाच्या मध्ये आणि अंती येणारी व्यंजने विरघळतात: 'द' इतका सैल होतो की परक्याला तो 'ल' वाटावा, आणि 'ग' अनेक ठिकाणी 'य' किंवा 'व' होऊन जातो. त्याखेरीज कंठात क्षणमात्र होणारा एक अटकाव आहे. त्याच्या असण्या-नसण्यावर अर्थ बदलतो. 'हून' म्हणजे ती स्त्री. तोच उच्चार कंठात अडवून केला की अर्थ होतो कुत्रा. हे पुस्तकातून कसे शिकावे? हे ऐकावे लागते, रोज ऐकावे लागते, आणि ऐकविणारा माणूस समोर असावा लागतो.

परंतु येथेही खानदेशच्या माणसापाशी एक भांडवल आहे आणि त्याची त्याला कल्पना नसते. लेवा गणबोलीत 'केळी'ची 'केयी' होते, 'डोळा'चा 'डोया' होतो. कवयित्री बहिणाबाईंची भाषा ज्यांच्या घरात आहे त्यांना व्यंजन कसे मऊ होऊन वाहून जाते हे व्याकरणकाराने सांगण्याची गरज नाही. शाळेत एक मराठी लिहावयाची, घरी लेवा बोली किंवा अहिराणी बोलावयाची, आणि दोहोंमधले अंतर क्षणोक्षणी मनातल्या मनात ओलांडावयाचे, ही कसरत इथले मूल पाचव्या वर्षापासून करते. लिहिले एक आणि बोलले दुसरे अशा डॅनिश भाषेपुढे त्या मुलाने खचून का जावे? ज्या बोलीबद्दल त्याला वर्गात खाली मान घालावी लागली असेल, तीच बोली येथे त्याची पाठराखीण आहे. बोलीला हिणविणारे शिक्षक आपल्या विद्यार्थ्याच्या हातातले साधन काढून घेत असतात, हे मला आज या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मग कोणती भाषा निवडावी? प्रयोजन पाहिल्यावाचून हे ठरत नाही. ग्रीक बोलणारे सुमारे सव्वा कोटी, डॅनिश बोलणारे सुमारे साठ लाख; म्हणजे दोन्ही मिळून बोलणाऱ्यांची संख्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या मानाने अल्पच. संख्येवर निवड करावयाची असेल तर दोन्ही सोडून द्याव्या. पण ग्रीक शिकणाऱ्यापुढे होमरपासून सेफेरिस आणि एलितिस या नोबेल-सन्मानित कवींपर्यंत अखंड वाहत आलेले वाङ्मय उघडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस काशीत येऊन राहिलेला आणि १८३३ मध्ये तेथेच देह ठेवणारा गालानोस हा अथेन्सचा माणूस आपले संस्कृत ग्रंथ ज्या भाषेत नेत होता ती भाषा हाती येते. डॅनिश शिकणाऱ्याला अँडरसन आणि किर्केगार हे लेखक मुळातून वाचता येतात, थोड्या श्रमाने नॉर्वेजियन आणि स्वीडिशही वाचता येते. आणि सहकाराच्या या मुलखात मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की ग्रुंडविग या डॅनिश विचारवंताच्या प्रेरणेतून १८४४ पासून निघालेल्या लोकशाळा आणि १८८२ पासून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी दुग्धशाळा यांची मूळ दफ्तरे त्या भाषेत आहेत. साखर कारखाना आणि केळीचे संघ चालविणाऱ्या आपल्या तरुणांपैकी एकाने जरी ती दफ्तरे स्वतः वाचली, तरी कितीतरी गोष्टी आपल्याला भाषांतरकाराच्या मध्यस्थीवाचून कळतील.

माझा स्वतःचा निर्णय असा आहे. जो विद्यार्थी खानदेशात राहून, शिक्षकावाचून, पुस्तकाच्या आधारे शिकणार आहे त्याने ग्रीक घ्यावी, आणि संस्कृत थोडे तरी केले असेल तर निःशंक घ्यावी. कारण ग्रीकाची कठीणता आरंभी आहे, उघड आहे आणि पाठांतराने जिंकता येते. जो डेन्मार्कला जाणार आहे, नोकरीसाठी असो वा शिक्षणासाठी, त्याने डॅनिश घ्यावी. पण जाण्यापूर्वी निदान सहा महिने नुसती ऐकावी आणि वाचनाने मिळणाऱ्या सोपेपणावर विसंबू नये. तेथे गेल्यावर, समोरचा माणूस आपला अडखळता उच्चार ऐकून सौजन्याने इंग्रजीत बोलू लागेल. तेव्हा नम्रपणे, पण निश्चयाने, डॅनिशमध्येच बोलत राहावे.

शेवटी या सभागृहात बसलेल्या भाषाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. ग्रीकसाठी आणि डॅनिशसाठी मराठीतून, मराठी व्याकरणाच्या परिभाषेत, शंभर-सव्वाशे पानांचे एकेक प्रवेशपुस्तक लिहिले जावे. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून ग्रीक आत्मसात केली, तेव्हा असे साधन त्यांच्यापाशी नव्हते. आपल्यापाशी संस्कृतज्ञ आहेत, बोलींचे अभ्यासक आहेत, महाविद्यालये आहेत, आणि त्या देशांत जाऊन राहिलेली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांना एकत्र बसवावे, काम वाटून द्यावे आणि पहिले प्रकरण येत्या वर्षाच्या व्याख्यानमालेपूर्वी लिहून पुरे करावे.